चार दिवसांची सहल

मंगळवार, ३ तारीख

दादा,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं तेच मी विसरलेय. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझ्याकडून आलं ते फक्त घराच्या विक्रीचं संमतिपत्र. सही केलेलं, सोबत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. तेव्हा नमस्कार, आणि सरळ मुद्द्यावर येते. आई सहलीहून परत आलेली नाही.

घाबरू नकोस, बरी आहे. गेल्या महिन्याच्या चोवीसला मी तिला चार दिवसांच्या सहलीला पाठवलं. वयस्कर माणसांचीच सहल होती. मऊ सीटची बस, दर दोन तासांनी थांबणारी. तळं, नावा, टेकडीवरचा पॉइंट, झालंच तर एक बाग. शुक्रवारी संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टॉपवर उभी. बस आली, एकवीस माणसं उतरली, ड्रायव्हरने दार लावलं, तरी आई नाही. गाईडला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला की त्या तिथेच राहिल्या, मुलगी न्यायला येणार आहे असं सांगून बॅग घेऊन उतरल्या. अरे, मुलगी म्हणजे मीच ना! तिला दुसरी आहे का? मला काहीही माहीत नाही आणि हा बाबा माझ्याकडेच संशयाने बघतोय, मी म्हातारीला टाकून आले असल्यासारखा.

लॉजवर फोन केला. लॉजवाली बाई म्हणाली, "मावशी मजेत आहेत, फिरायला गेल्यात." संध्याकाळी आईचाच फोन आला. "मी राहतेय अजून," म्हणाली आणि ठेवून दिला. तेव्हापासून मी केला की ती फिरायलाच गेलेली असते.

माझं काम तुला ठाऊक आहे. सुट्टीत माणसं कुठे जातात, कसं ठरवतात, तिथे जाऊन काय करतात, हे बघायचं आणि लिहायचं. हॉटेलवाले, बसवाले आमच्याकडून हे करून घेतात. बावीस वर्षं झाली. कुठे जायचं हे घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस रुसून ठरवतो, हे मला माहीत आहे. पॉइंटवर माणूस पावणेदोन मिनिटं थांबतो आणि त्यातलं सव्वा मिनिट फोटोत जातं, हेही मीच मोजलंय. पण एकाहत्तर वर्षांची बाई, जी माझ्या घरी आली तरी दुसऱ्या दिवशी "माझी झाडं वाळतील" म्हणून पळायची, ती सहलीच्या गावात एकटी का राहील? माझ्या कुठल्याच तक्त्यात हे बसत नाही. दिव्याखाली अंधार म्हण हवं तर.

उद्या मी तिथे जातेय. सोळाच्या आत ती इथे असायला हवी, एवढंच माझं म्हणणं. तू सोळाला साडेअकराला नोंदणी कार्यालयात पोच. आदल्या दिवशी येऊ नकोस, घरात झोपायची सोय नाही. घराचं सगळं आईला माहीत आहे, तिची सही कधीच झालीये. त्याची काळजी तू करू नकोस.

मास्तरीण

(या नावाने तूच हाक मारायचास. आता आवडत नसेल तर सांग.)


शनिवार, ७ तारीख

दादा,

हे मी लॉजमधून लिहितेय. आईच्या नव्हे, तिच्या समोरच्या. तू हसशील किंवा चिडशील. मला दोन्हीचा अंदाज येत नाही.

बुधवारी संध्याकाळी उतरले तर स्टँडपासून दोनशे पावलांवर, तळ्याच्या कठड्याशी, बाकावर आई. पाठमोरी होती, तरी तो राखाडी स्वेटर मी कुठेही ओळखेन. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की सहलीला आलेल्या माणसाला 'का' विचारायचं नाही. विचारलं की माणूस कारण तयार करून देतो, तेही आपल्याला आवडेल असं. म्हणून लांबून बघायचं, वेळ टिपायची आणि लिहायचं. मला वाटलं, आधी दोन दिवस बघू. म्हणजे जाऊन बोलायचं तर काय बोलायचं ते तरी कळेल. तिच्या लॉजसमोर पहिल्या मजल्यावर खिडकीची खोली मिळाली. पडदा आहे. जरा आखूड आहे, पण चालतो.

आज तीन दिवस झाले. वही भरत आली आणि डोकं रिकामं झालं.

ऐक. सकाळी सात-सव्वासातला ती बाहेर पडते आणि चहा घेते. आता नियम असा की नव्या गावात माणूस पहिल्या दिवशी ज्या टपरीवर जातो तिथेच दुसऱ्या दिवशीही जातो. शंभरात ऐंशी जण. आई तीन दिवस तीन वेगळ्या टपऱ्यांवर! ज्या बाईने चाळीस वर्षं एकाच दुकानातून चहापूड आणली ती. पावणेदहाला ती बॅग घेऊन निघते. भरलेली बॅग, निळी, बाबांची. स्टँडवर जाते. एकेका बसची पाटी वाचते, अगदी जवळ जाऊन, चष्मा वर करून. सव्वादहाला आपल्या गावाची बस सुटते. ती सुटेपर्यंत आई तिथे उभी असते. बस गेली की बॅग उचलून परत लॉजवर. तिन्ही दिवस हेच. पहिल्या दिवशी मला वाटलं बस चुकली. दुसऱ्या दिवशी वाटलं कुणाची तरी वाट बघतेय. आज वाटलं माझंच काहीतरी बघण्यात चुकतंय.

दुपारी नावांच्या धक्क्यावर बसते. स्वतः एकदाही नावेत बसलेली नाही. पण आलेल्या लोकांना सांगते, उजवीकडे बसा, येताना डावीकडे ऊन लागतं. लोक ऐकतात. काल एका कुटुंबात नावेवरून भांडण जुंपलं होतं. बापाला पायाने चालवायची नाव हवी, मुलांना वल्ह्याची, आणि बाई बिचारी कंटाळून चप्पल काढून बसलेली. आईने त्यांना काय सांगितलं देव जाणे, सगळे हसले आणि आईसुद्धा हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. मी वहीत लिहिलं, 'हसणे: १'. मग बराच वेळ ते वाचत बसले. बाबा गेल्यापासून ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. तुला तर आठवायचा प्रश्नच नाही, तू नव्हतास.

तर कारण काय? विस्मरण म्हणावं तर नावाड्यांची नावं तिला पाठ आहेत. एक टोपीवाले निवृत्त गृहस्थ रोज त्याच बाकावर येतात, म्हटलं तसं काही आहे का? हसू नकोस, आमच्या कामात असंही निघतं. पण ते आले की आई दुसऱ्या बाकावर जाऊन बसते. बाबांच्या आठवणीसाठी म्हणावं तर बाबा इथे कधी आलेच नाहीत. बाबा कुठेच गेले नाहीत. त्यांना घरचीच उशी लागायची.

उद्या अजून एक दिवस बघते. सोमवारी काहीही करून तिला बसमध्ये घालते. सोळा तारीख डोक्यावर आहे.

मास्तरीण


सोमवार, ९ तारीख

दादा,

काल सकाळी मी दुसऱ्या टपरीवर, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते. आईच्या क्रमाने काल पहिल्या टपरीची पाळी होती. ती आली दुसऱ्या टपरीवर, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काही खाल्लंस का सकाळपासून? चार दिवस नुसती खिडकीत बसतेयस."

बुधवारपासून तिला माहीत होतं. बसमधून उतरून मी तिच्या मागे उभी राहिले तेव्हाच तिने चपलेचा आवाज ओळखला होता. माझ्या खोलीचा पडदा आखूड आहे आणि त्याखालून माझी वही दिसते, हेही तिनेच सांगितलं. तू विचारशील, मग ती आली का नाही? मीही हेच विचारलं. तर म्हणे, "मला वाटलं तुझं काम चाललंय."

मग मी नियम मोडला. विचारलं. "आई, तू घरी का आली नाहीस?"

ती म्हणाली, "कुणाच्या?"

आता तुला सगळं सांगते. आधी लिहिलं त्यातलं अर्धं खोटं होतं.

आईची सही मी घेतली ती पेन्शनच्या कागदांत. सात कागद होते, पाचवा घराचा. मी बोट ठेवत गेले आणि ती सही करत गेली. तिने वाचलं नाही, आणि मी वाच म्हटलं नाही. मला वाटत होतं जिना तिला झेपत नाही, एकटी असते, पडली-झडली तर काय. ते सगळं खरंच आहे. सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने तुझ्याकडे, असं मी ठरवून टाकलं. तुलाही विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. नोंदणीला मात्र तिचा अंगठा समोर लागतो. तो पेन्शनच्या नावाखाली घेता येत नाही. म्हणजे सोळाच्या आत ती मला परत का हवी होती ते बघ.

आणि सहल. ती मी तिच्या मजेसाठी आखली असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलासुद्धा. आमचा एक निष्कर्ष आहे, मीच काढलेला. सहलीहून परतलेला माणूस पहिले दोन दिवस सैल असतो. त्याला काहीही विचारा, हो म्हणतो. हॉटेलवाले पुढच्या वर्षीची नोंदणी त्याच दोन दिवसांत करून घेतात. मी ते आईवर वापरलं, दादा. ती चार दिवस बाहेर असताना सामान खोक्यांत भरायचं, स्टॉपवरून तिला थेट माझ्या घरी आणायचं, आणि दोन दिवसांत सगळं सांगून टाकायचं. पंचेचाळीस खोकी झाली. म्हणून तुला लिहिलं की झोपायची सोय नाही.

ती मजा समजून सहलीला गेली असं मी धरलं होतं, पण ती तशी गेलीच नव्हती. मी कामावर असताना घर घेणाऱ्यांचा माणूस खिडक्या मोजायला येऊन गेला होता. मी त्याला शनिवारी ये म्हटलं होतं, तो आला गुरुवारी. आईने दार उघडलं. त्याला वाटलं हिला सगळं माहीतच आहे. फीत धरायला दुसरं माणूस नव्हतं, तर दुसरं टोक आईने धरलं. तिन्ही खोल्या तिने मोजू दिल्या. तुझ्या खोलीची खिडकी चार इंच तिरकी आहे ती दोनदा मोज, असंही त्याला सांगितलं. त्याला पाणी दिलं. आणि मला एक अक्षर बोलली नाही. पुढच्याच आठवड्यात मी सहलीचं पत्रक घेऊन नाचत गेले. "छान आहे," म्हणाली, "जाते की."

"तेव्हाच का नाही बोललीस मला?" मी म्हटलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

मी तिला खोक्यांचंही सांगून टाकलं, आणि मला इतकं रडू आलं की टपरीवाल्याने न मागता पाणी आणून ठेवलं. आई रडली नाही. ती चहा पीत होती, फुंकून फुंकून. मग म्हणाली, "चौथ्या दिवशी सगळे सामान बांधत होते. कुणाला मांजर आठवत होती, कुणाला दूधवाला. माणूस परत जातो तो कुठेतरी उतरायचं असतं म्हणून. मला कुठे उतरायचं तेच कळेना. मग बसमध्ये बसून काय करू?"

स्टँडवरचं विचारलं. इथे दहाला खोली सोडायची असते म्हणून ती रोज बॅग भरते. रोज वाटतं, आज काहीतरी ठरेल. मग पाट्या वाचते. काही ठरत नाही, म्हणून परत जाते आणि लॉजवाली बाई रोज नव्याने तिचं नाव लिहून घेते. मला अडवायचा तिचा विचार होता का, हे विचारायची मला हिंमत होत नव्हती, पण तिनेच सांगितलं की अडवायचं असतं तर घरातच ठाण मांडून बसले असते. तिला इथे आवडतं का? माहीत नाही म्हणते. माझ्याकडे यायचं आहे का? तेही माहीत नाही. मग हवंय तरी काय? "आधी विचारलं असतंस तर सांगता आलं असतं," म्हणाली. "आता सगळं खोक्यांत गेल्यावर काय सांगू?"

मला वाटायचं विचारलं की माणूस खोटं कारण देतो. तिने खरं दिलं तरी माझं डोकं काही चालत नाहीये. तू असतास तर बरं झालं असतं. हे मी चार वर्षांत पहिल्यांदा लिहितेय.

मास्तरीण


मंगळवार, १७ तारीख

दादा,

सोळा तारीख गेली आणि काहीच झालं नाही. तू कार्यालयात गेला होतास का? गेला असशील तर माफ कर. नसशील गेलास तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अकरा तारखेला आई माझ्याबरोबर माझ्या घरी आली. "दोन दिवस येते," म्हणाली. घरात आल्यापासून ती जे वागत होती ते मी हॉटेलात उतरलेल्या माणसांचं हजारदा लिहून घेतलंय. बॅग उघडली नाही, लागेल तेवढं वरचं काढलं. सकाळी चादरीची घडी करून पायथ्याशी ठेवली. फ्रिज उघडायच्या आधी विचारलं. नाश्ता किती वाजता असतो, असं विचारलं! माझ्या मुलीला म्हणाली, तुमच्याकडे पाणी छान गरम येतं. आजी अशी का बोलतेय, म्हणून पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटी शुक्रवारी मी घर घेणाऱ्यांना फोन केला आणि व्यवहार मोडला. ते चिडले, साहजिक आहे. मी बोलणी खाल्ली. रविवारी सकाळी आईजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की काळजी करू नकोस, घर तुझंच आहे, मी नाही म्हणून कळवलंय, खोकी उद्यापासून परत लावू. मला वाटलं ती गळ्यात पडेल. मला तर माझंच इतकं कौतुक वाटत होतं.

आईने हात काढून घेतला. "हेही मला न विचारता?"

दादा, इतका राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नाही. बाबांवरही नाही. आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली, "ते घर मला हवं होतं, असं तुला कोणी सांगितलं? आणि नको होतं, असं तरी कोणी सांगितलं होतं? तुझे बाबा दोन वर्षं त्या खाटेवर होते. मी त्या खोलीत अजून दिवा लावत नाही. तुला माहीत आहे हे?"

माहीत नव्हतं. दर रविवारी मी तिथे जात होते.

मग तिने घर घेणाऱ्यांचा नंबर मागितला. उभ्यानेच वीस मिनिटं बोलली. मी बाहेर थांबले. मला आत बोलावलं नाही. आता ठरलं ते असं: घर विकायचं. नोंदणी तीस तारखेला, सोमवारी. तोवर खोकी तीच उघडणार, काय ठेवायचं काय द्यायचं ते तीच बघणार, मी फक्त उचलायला. आणि ती तळ्याच्या गावात राहणार. लॉजवाल्या बाईच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या एका वर्षासाठी घेणार. एकटी. मी म्हटलं, आई, तिथे तुझं कोण आहे? म्हणाली, कोणी नाही. मी म्हटलं, मग आवडलं का ते गाव एवढं? तर म्हणाली, "माहीत नाही. राहून बघते. नाही जमलं तर सांगेन." मला हे पटलंय का? नाही. मला कळलंय का? तेही नाही. पण काल तिने बॅग उघडून कपडे माझ्या कपाटात लावले, तीस तारखेपर्यंतचे, आणि फ्रिज न विचारता उघडला.

मग म्हणाली, दादाला कळव. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'तीसला साडेअकराला पोच.' तिने खांद्यावरून वाचलं आणि कागद काढून घेतला. "ये असं लिहू नकोस. येतोस का ते विचार."

तेव्हापासून हे पत्र तीनदा फाडलं. कारण विचारायचं तर आधी दुसरं एक सांगावं लागतं. बाबांच्या वेळी डॉक्टर मला सोमवारीच म्हणाले होते की दोन-तीन दिवस. मी तुला कळवलं, रविवारी आलास तरी चालेल. तुझी परीक्षेची कामं चालू होती, घरात लहान बाळ होतं, उगाच धावपळ होईल, असं मी तुझ्या वतीने ठरवलं. बाबा गुरुवारी गेले. तू आलास तेव्हा खाट रिकामी होती. तू मला विचारलंस, तुला माहीत होतं का? मी नाही म्हणाले. मला माहीत होतं, दादा.

चौकशी केली. तुझी सही मुखत्यारपत्राने होते, तुला यायची गरज नाही. म्हणजे सहीसाठी नाहीच. त्या दिवशी आई घराला कुलूप लावणार आहे आणि मी तिच्याबरोबर असेन. तू येशील का? नाही म्हणालास तरी चालेल, असं लिहिणार होते. पण चालणार नाही.

मास्तरीण